सूरश्री केसरबाई केरकर : ताऱ्यांच्या वाटेवरची भैरवी

सुवर्णमहोत्सव म्हटला की मागे वळून पाहणे ओघानेच येते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्‌घाटन झाले आणि त्यानंतरच्या काळात अनेक मराठी कुटुंबे या पोलादनगरीत येऊन स्थिरावली. कुणी नागपूर-भंडाऱ्याकडून आले, कुणी पुण्या-साताऱ्याकडून, तर कुणी थेट कोकणातून. सामानाच्या ट्रंकेत भांडीकुंडी होती, देवघरातले टाक होते, आणि ज्यांना गाण्याचा नाद होता त्यांच्याबरोबर ग्रामोफोनच्या चार-दोन तबकड्याही आल्या होत्या. स्मृतिनगरातल्या आपल्या घरांत आज ती भांडी कदाचित नसतील. पण गणपतीची आरती, दिवाळीतला फराळ आणि सकाळच्या वेळी लावलेले एखादे जुने गाणे यांनी आपण आपला मुलुख येथे वसवला आहे.

घरापासून दूर आलेल्या आपणां सर्वांना जिच्याविषयी खास जिव्हाळा वाटावा, अशा एका थोर गायिकेचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावयाचे आहे. नागपूर येथून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. या गायिकेचा आवाज मात्र आज पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर जाऊन पोचला आहे आणि दर सेकंदाला सतरा किलोमीटर या वेगाने आणखी दूर चालला आहे.

दूरचित्रवाणीवरचे खगोलशास्त्राचे माहितीपट आपल्या घरांतून आवडीने पाहिले जातात. त्यांत व्हॉयेजर यानांची हकीकत आली की पडद्यावर एक सोनेरी तबकडी दिसते. पृथ्वीबाहेर कोठे बुद्धिमान जीव असलेच, तर त्यांना आपली ओळख पटावी म्हणून ती यानावर बसवलेली आहे, असे निवेदक सांगतो. मग बाख आणि बीथोवेन यांची नावे येतात, कधीकधी एखाद-दुसरा भारतीय स्वरही कानी पडतो, आणि माहितीपट पुढे सरकतो. तो स्वर केसरबाई केरकरांचा आहे. त्या कोण, कोठल्या, आणि त्या तबकडीवर त्यांचे गाणे कसे जाऊन बसले, हे मुलांनी विचारले तर आपल्याला सांगता आले पाहिजे.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोमंतकातील फोंडे महालातल्या केरी या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता. केरी हे विजयादुर्गेचे गाव. गोव्यातील देवळांच्या सेवेशी कलावंतांचा समाज पिढ्यान्‌पिढ्या बांधला गेलेला होता. या समाजातील मुलींनी गाणे शिकावे, उत्सवात देवापुढे सेवा करावी आणि पुढे कुणा धनिकाच्या आश्रयाने राहावे, असा त्या काळचा प्रघात. ज्यांच्या कंठातून संगीत जिवंत राहिले त्या स्त्रियांना समाजाने विवाहाची प्रतिष्ठा नाकारली. गाणे ऐकणाऱ्यांच्या माना डोलत. पण गाणारीला बरोबरीचा मान मिळत नसे. केसरबाईंच्या पुढच्या आयुष्यातील करारीपणाचे मूळ या परिस्थितीत शोधावे लागते. याच गोमंतकीय मातीने मोगूबाई कुर्डीकर आणि दीनानाथ मंगेशकर ही रत्नेही महाराष्ट्राला दिली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

मुलीचा गळा चांगला आहे हे घरच्यांनी लवकर ओळखले. वयाच्या आठव्या वर्षी केसरबाईंना कोल्हापूरला आणण्यात आले आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यापाशी त्यांचे शिक्षण सुरू झाले. ते जेमतेम आठ महिने चालले. गोव्यात परत आल्यावर पं. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. पण बुवा तिकडे येत तेव्हाच ती होत असे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास कुटुंब मुंबईस आले. तेथे सितारवादक बरकतुल्ला खाँ यांचे मार्गदर्शन लाभले, काही काळ भास्करबुवा बखल्यांचेही लाभले. गुरू सगळे मोठे, परंतु सहवास सगळे तुटक. एका घराण्याची विद्या मुळापासून शेवटपर्यंत मिळावी, असा योग काही येईना. वयाची पंचविशी उलटली तरी केसरबाई एका अर्थाने अर्ध्या वाटेवरच उभ्या होत्या.

तो योग १९२१ साली आला. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अल्लादिया खाँ यांनी त्यांना गंडा बांधला. खाँसाहेब म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. तरुणपणी अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला होता आणि पहिल्यासारखा तो पुन्हा कधी झाला नाही. त्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी बुद्धीच्या बळावर घडवली. अनवट आणि जोड राग, मोकळा आकार, लयीच्या अंगाने वळणे घेत समेवर येणाऱ्या पेचदार ताना, ही तिची लक्षणे. गाणाऱ्याचे दैव फिरले असता त्यातून एक घराणे उभे राहिले, अशी ही विलक्षण गोष्ट आहे.

असा गुरू सहजासहजी प्रसन्न होणारा नव्हता. शिकवण्याच्या अटी कडक होत्या आणि त्या केसरबाईंनी मान्य केल्या. अठ्ठावीस वर्षांच्या, थोडेफार नाव झालेल्या गायिकेने पुन्हा मुळाक्षरांपासून गिरवणे सुरू केले. एकेक पलटा शेकडो वेळा घोटायचा, स्वर जराही पातळ होऊ द्यायचा नाही, श्वास तुटू द्यायचा नाही, असा हा क्रम अकरा वर्षे निष्ठेने चालला. व्यावसायिक मैफली त्या १९३० च्या सुमारास करू लागल्या, तरी शिक्षण थांबले नाही. वार्धक्याने थकलेल्या खाँसाहेबांकडून त्या शिकत राहिल्या, ते थेट १६ मार्च १९४६ रोजी त्यांचे देहावसान होईपर्यंत. पंचवीस वर्षांची ही तपश्चर्या होय. आज एखादी कला सहा महिन्यांच्या वर्गात पदरात पडावी अशी आपली अपेक्षा असते. त्या वेळी या पंचवीस वर्षांचा हिशेब मनाशी करून पाहावा.

या साधनेतून जे गाणे उभे राहिले त्याचे वर्णन ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले तेच करू जाणोत. तिन्ही सप्तकांत सारख्याच घनतेने फिरणारा रुंद, तेजस्वी आवाज. लांब पल्ल्याचा दमसास. सुरावरची अढळ पकड. आणि कितीही अवघड तान असली तरी चेहऱ्यावर व लयीत यत्किंचितही ओढाताण नाही, अशी त्यांची ख्याती होती. नट कामोद, ललिता गौरी यांसारखे जोड राग त्यांच्या गळ्यातून असे उलगडत की ऐकणाऱ्याला ते अवघड आहेत असे वाटूच नये. मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतच्या संगीत-परिषदांतून त्यांचे नाव अग्रभागी असे. रवींद्रनाथ ठाकुरांना त्यांच्या गाण्याविषयी मोठी आस्था होती. ‘सूरश्री’ ही पदवी त्यांना कलकत्त्याच्या रसिकांनीच दिली आणि ती त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन गौरव केला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने राज्यगायिका म्हणून त्यांचा सन्मान केला.

मैफलीत केसरबाईंचा दरारा असे. गाण्याचे मोल त्या पुरेपूर घेत, आणि श्रोत्यांनी गाणे नीट ऐकावे याविषयी त्यांचा कटाक्ष असे. कित्येकांना तो अहंकार वाटला. परंतु ज्या समाजात गाणारीला एके काळी बसण्याची जागा दाखवली जात होती, त्या समाजात जन्मलेल्या स्त्रीने आपली बैठक स्वतः ठरवावी, यात स्वाभिमानाचा भाग मोठा होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. आपल्या गळ्याची किंमत त्यांनी कधी कमी होऊ दिली नाही, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या गायिकांना ताठ मानेने व्यासपीठावर बसणे त्यामुळे थोडे सोपे झाले.

या करारीपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ध्वनिमुद्रणाविषयी केसरबाई अतिशय सावध होत्या. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. तासभर फुलणारा राग तेवढ्यात कसा बसावा? तरीही त्यांनी काही तबकड्या दिल्या आणि आज आपल्याजवळ आहे तो ठेवा मुख्यत्वे तोच. विद्यादानातही त्यांचा हात आखडता होता. धोंडूताई कुलकर्णी यांच्यावाचून त्यांची अशी दुसरी शिष्या सांगता येत नाही. पंचवीस वर्षे कष्टाने मिळवलेली विद्या एका शिष्येच्या कंठात आणि थोड्या तबकड्यांवर शिल्लक राहिली. १९६३-६४ च्या सुमारास, आवाज पूर्वीसारखा साथ देतो आहे तोवरच त्यांनी जाहीर गाणे थांबवले. रसिकांच्या कानांत पूर्ण वैभवातलाच स्वर राहिला. पण त्या पिढीतले कान मिटत गेले, तसा तोही हळूहळू मावळू लागला.

येथून ही कथा एकदम वेगळ्याच दिशेला वळते.

गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून हे चार मोठे ग्रह सुमारे पावणेदोनशे वर्षांतून एकदा अशा रीतीने येतात की एकाच यानाला एकाच्या गुरुत्वाकर्षणाचा हात धरून दुसऱ्याकडे जाता यावे. असा योग १९७७ च्या सुमारास येत होता. अमेरिकेच्या नासा या संस्थेने त्यासाठी दोन याने सिद्ध केली, ती म्हणजे व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २. ग्रहांची पाहणी आटोपल्यावर ही याने परत येणार नव्हती; सूर्यमाला ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत ती कायमची निघून जाणार होती. तेव्हा जाताना त्यांच्याबरोबर पृथ्वीचे काही ओळखपत्र द्यावे, असा विचार पुढे आला आणि ते काम कॉर्नेल विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्याकडे सोपवण्यात आले.

सेगन आणि त्यांचे सहकारी यांच्या हाती अवघे काही महिने होते. तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी करावयाचे ठरले. तिच्यावर शंभरांहून अधिक चित्रे, पृथ्वीवरचे निरनिराळे आवाज, पंचावन्न भाषांतील अभिवादने आणि सुमारे दीड तासाचे संगीत बसवण्यात आले. वेष्टणावर तबकडी कशी वाजवावी याच्या खुणा कोरल्या. चौदा स्पंदतारे धरून आपल्या सूर्याचे ठिकाण दाखवले. युरेनियमचा सूक्ष्म थरही दिला. तो ठराविक गतीने क्षीण होत जातो, तेव्हा तबकडी किती जुनी आहे हे सापडणाऱ्याला त्यावरून मोजता यावे. सोबत वाजवण्याची सुईसुद्धा जोडली. पाहुणा येईल की नाही ठाऊक नसताना पान मांडून ठेवावे, तशी ही सारी तयारी होती.

अभिवादनांच्या त्या पंचावन्न भाषांत आपली मराठी आहे, हे सांगताना कोणाचा ऊर भरून येणार नाही? हिंदी, बंगाली, गुजराती, उडिया, तेलुगू, कन्नड, पंजाबी या बहिणींबरोबर एका मराठी स्त्रीच्या आवाजातील नमस्कार आणि शुभेच्छाही ताऱ्यांकडे निघाल्या. दूरदेशी राहणाऱ्या मराठी घरांनी भाषा जपली म्हणूनच ती तेथे हाकेसरशी सापडू शकली.

संगीताच्या निवडीला मात्र वेळ लागला. सगळ्या जगातून सत्तावीसच रचना घ्यावयाच्या होत्या. बाख, मोत्सार्ट, बीथोवेन आले. जावाचे गमेलन, सेनेगलचे ढोल, पेरूचे लग्नगीत, चीनमधले प्राचीन तंतुवाद्य आणि अमेरिकेतील चक बेरीचे रॉक अँड रोलही आले. भारताच्या हजारो वर्षांच्या संगीताला त्यात एकच जागा होती. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी त्या जागेसाठी केसरबाईंची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही तबकडी सुचवली. भारतीय संगीताच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांत तिला तोड नाही, असे त्यांचे मत होते.

आता प्रश्न असा की ती तबकडी आणायची कोठून? बाजारात ती मिळेनाशी झाली होती. पुष्कळ शोधाअंती न्यूयॉर्क शहरातील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिचा पत्ता लागला. दुकान घरगुती विजेच्या उपकरणांचे. आणि तेथे एका टेबलाखाली, जुन्या खोक्यात, तिच्या तीन प्रती पडून होत्या. आपल्या देशाचे गाणे खोक्यात घालून ते सातासमुद्रापार कोणी व कशासाठी नेले असेल, ते परदेशी राहिलेल्या प्रत्येकाला सांगावे लागत नाही. विकले जाईल की नाही याची खात्री नसताना ते त्यांनी टाकून दिले नाही, एवढ्यावर पुढचा सारा इतिहास अवलंबून होता.

व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी आणि व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबर १९७७ रोजी आकाशात झेपावले. दोन्ही यानांवर सत्तावीस रचनांतील पंचविसावी रचना म्हणून साडेतीन मिनिटांची केसरबाईंची भैरवी होती. आपल्याकडे मैफलीची सांगता भैरवीने होते. ही जुनी रीत त्या निवड करणाऱ्यांच्या मनात असो वा नसो, पृथ्वीच्या या मैफलीतही भैरवी शेवटाजवळच आली आहे. ‘जात कहाँ हो’ म्हणजे कोठे निघालात. सूर्यमालेबाहेर एकट्याने चाललेल्या यानावर दुसरी कोणती बंदिश अधिक शोभली असती? व्हॉयेजर १ च्या उड्डाणानंतर अकराव्या दिवशी, म्हणजे १६ सप्टेंबर १९७७ रोजी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी केसरबाईंनी इहलोकीची यात्रा संपवली.

केसरबाईंचे चरित्र येथे संपते. त्यांच्या स्वराचा प्रवास मात्र चालू राहिला. तो स्वर ऐकणारे कोणी आहे काय, हा प्रश्न माणसाने फार पूर्वीपासून स्वतःला विचारला आहे. १९७६ साली वायकिंग याने मंगळावर उतरली आणि त्यांनी तेथील मातीत जीव शोधण्याचे प्रयोग केले. निःसंदिग्ध पुरावा मिळाला नाही. १९७९ साली व्हॉयेजरने गुरूच्या युरोपा या चंद्राची छायाचित्रे पाठवली. त्याच्या बर्फाळ कवचावरच्या भेगा पाहून, खाली पाण्याचा सागर असावा असा तर्क बळावला. १९८० साली शनीच्या टायटन या चंद्राभोवतीचे दाट वातावरण जवळून दिसले. तेथील नारिंगी धुक्यासारखे पदार्थ सेगन आणि त्यांचे भारतीय सहकारी बिशुन खरे यांनी प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. जीवसृष्टीला लागणारी कार्बनी द्रव्ये विश्वात दुर्मिळ नाहीत, हे त्यावरून ध्यानी आले. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे सहा हजारांहून अधिक ग्रह आजवर निश्चित झाले आहेत. जीव मात्र पृथ्वीखेरीज अद्याप कोठेही सापडलेला नाही.

या शोधात मराठी माणूस मागे नव्हता. ज्या कोल्हापुरात बाल केसरने पहिला षड्ज लावला, त्याच कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर या विषयात आयुष्यभर रमले. २००१ साली हैदराबादहून सोडलेल्या फुग्यातून एकेचाळीस किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेण्यात आले आणि त्यांत जिवंत पेशी आढळल्या. २००५ च्या प्रयोगात जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचे नाव देण्यात आले. हे जीव अंतराळातूनच आले, असे त्यावरून सिद्ध होत नाही, हे संशोधकांनी स्पष्ट केले. आशा बाळगावी, परंतु पुराव्याच्या पुढे एक पाऊलही टाकू नये, ही शास्त्राची शिस्त. जयपूर घराण्याच्या तालमीपेक्षा ती फारशी निराळी नाही.

ही सगळी नवलाई सामान्य माणसाच्या घरात आणली ती दूरचित्रवाणीने. सेगन यांची ‘कॉसमॉस’ ही तेरा भागांची मालिका १९८० साली अमेरिकेत प्रथम दाखवली गेली आणि पुढे साठ देशांतील कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. तिच्या एका भागाचे चित्रण तामिळनाडूत झाले होते. पोंगलचा सण, चोळकालीन मंदिर आणि नटराजाची मूर्ती दाखवून, युगे आणि कल्प यांची भारतीय गणना विश्वाच्या वयाच्या विचाराला किती जवळची आहे, हे सेगन यांनी तीत मांडले. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही ही मालिका आली आणि नव्वदच्या दशकात नारळीकरांची ‘ब्रह्मांड’ ही मालिका झाली. अनेक मुलांनी रात्री गच्चीवर जाऊन तारे ओळखण्यास आरंभ केला तो या मालिका पाहून.

आपल्या छत्तीसगडचा तर या बाबतीत वेगळाच मान आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा जो प्रयोग इस्रोने नासाच्या उपग्रहाच्या साह्याने केला, त्यासाठी देशातील सहा राज्यांमधील चोवीसशे खेडी निवडली होती, आणि त्यांत रायपूर परिसरातील खेडी होती. तारेची जाळी लावलेल्या मोठ्या छत्रीतून, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून आलेले चित्र या भागातील शेतकऱ्यांनी पाहिले तेव्हा मोठमोठ्या शहरांतही घरोघरी संच नव्हते. दूरवरून आलेला संदेश पकडावा कसा, हे येथल्या खेड्यांनी व्हॉयेजर निघण्यापूर्वीच अनुभवले होते!

१४ फेब्रुवारी १९९० रोजी सेगन यांच्या आग्रहावरून व्हॉयेजर १ ने सुमारे सहाशे कोटी किलोमीटरवरून मागे वळून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. त्यात आपले जग म्हणजे फिक्या निळ्या रंगाचा एक ठिपका आहे. केरी, कोल्हापूर, मुंबई, न्यूयॉर्क आणि आपली भिलाई, सगळे त्या ठिपक्यात. सेगन १९९६ साली निवर्तले. २५ ऑगस्ट २०१२ रोजी यानाने सौरवाऱ्याची सीमा ओलांडली. आता त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगाने येथवर पोचण्यास जवळजवळ एक अहोरात्र लागते. यंत्रे पुढेमागे थंड पडतील. सुमारे चाळीस हजार वर्षांनी ते दुसऱ्या एका ताऱ्यापासून दीड-पावणेदोन प्रकाशवर्षांच्या अंतरावरून जाईल. तबकडी शंभर कोटी वर्षांहून अधिक टिकावी, असा अंदाज आहे. ती कोणाच्या हाती पडेल अशी शक्यता अत्यल्प आहे, हे पाठवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

मग हा खटाटोप कशासाठी? केसरबाईंच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे याचे उत्तर सुचते. ऐकणारा कोण, केव्हा येईल, याचा विचार न करता त्यांनी पंचवीस वर्षे स्वर घासून लख्ख केला. ज्या ध्वनिमुद्रणाविषयी त्यांच्या मनात अढी होती, त्याच्याच साडेतीन मिनिटांत ती पंचवीस वर्षे मुरलेली आहेत, आणि म्हणूनच सगळ्या जगातून निवड करताना अभ्यासकाचे बोट त्या तबकडीवर पडले. पण तेवढ्याने काम झाले नसते. दूरदेशीच्या कोणा अनाम कुटुंबाने ते खोके जपले नसते, तर निवड होऊनही जागा रिकामी राहिली असती. कलावंताने निर्माण करावे आणि घरापासून दूर गेलेल्यांनी ते सांभाळावे, अशा दोन हातांनी हा सूर पुढे पोचला आहे.

गोव्यात केरीला आज सूरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाचे विद्यालय आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ गोव्यात संगीत समारोहही होतो. भिलाईत राहून आपल्याला तेथे जाणे दर वर्षी जमेल असे नाही. परंतु आपल्या कपाटांत, माळ्यावरच्या पेट्यांत, आजी-आजोबांच्या स्मरणात काय काय पडून आहे, हे पाहणे जमण्यासारखे आहे. जुन्या तबकड्या असतील, ओव्यांच्या वह्या असतील, कुळाचाराची टिपणे असतील. ती उघडावीत, मुलांना ऐकवावीत, आणि निदान एका तरी जाणत्याच्या हाती सोपवावीत. गेली पन्नास वर्षे आपल्या मंडळाने हेच काम यथाशक्ती केले. पुढेही ते अखंड चालावे.

आणि एखाद्या निरभ्र रात्री स्मृतिनगरातल्या गच्चीवर उभे राहून मुलांना तारे दाखवाल, तेव्हा त्यांना हेही अवश्य सांगावे, की त्या अंधारात कोठेतरी केरीच्या केसरबाईंची भैरवी चालली आहे. त्या थोर स्वरसाधिकेस आमचे विनम्र अभिवादन.